चिलर कधी सुरू करायचा?

१९९३ साली अमेरिकेत एक आगळी स्पर्धा झाली. ‘ॲश्रे’ ही वातानुकूलन अभियंत्यांची जुनी संस्था. तिच्या वर्तुळातल्या जॅन क्रायडर आणि जेफ हेबर्ल या दोघांनी ती भरवली होती. टेक्सासमधल्या एका इमारतीच्या चार महिन्यांच्या तासातासाच्या नोंदी स्पर्धकांच्या हाती दिल्या: वीज किती लागली, थंड पाणी किती, गरम पाणी किती, आणि त्या त्या तासाला बाहेर तापमान, आर्द्रता, ऊन, वारा कसा होता. पुढच्या काही आठवड्यांचे फक्त हवामान दिले आणि विचारले, या दिवसांत या इमारतीला किती ऊर्जा लागली असेल? आकड्यांच्या रांगांवरून ओळखायचे होते.

स्पर्धा जिंकली डेव्हिड मकाय यांनी. केंब्रिजमधले हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ इमारतींच्या धंद्यातले नव्हते. त्यांनी न्यूरल नेटवर्क, म्हणजे नोंदींवरून शिकणारे संगणकी यंत्र वापरले, पण त्याला एक शिस्त लावली. हवामानाची, वेळेची, वाराची जेवढी माहिती हाताशी आहे तेवढी यंत्राला द्यायची आणि उत्तराशी जिचा संबंध दिसत नाही ती बाजूला सारण्याचे काम यंत्रानेच करायचे. कोणती माहिती महत्त्वाची हे माणसाने आधी ठरवायचे, ही तोवरची पद्धत त्यांनी उलटी केली. पुढे २००८ मध्ये याच मकाय यांनी देशाच्या ऊर्जेचा हिशेब सामान्य वाचकाला समजेल असा मांडणारे एक पुस्तक लिहिले, ते ब्रिटिश सरकारच्या ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाले आणि २०१६ मध्ये अकाली गेले. इमारतींना मशीन लर्निंग लावण्याच्या इतिहासात त्यांचे नाव सुरुवातीलाच येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

उद्या किती वीज लागेल हे आज कळून काय मिळते? त्यासाठी मोठ्या ग्राहकाचे वीजबिल बघावे लागते. घरच्या बिलात मुख्यतः युनिट मोजले जातात. मोठ्या कार्यालयाच्या, मॉलच्या, रुग्णालयाच्या बिलात युनिटांच्या जोडीला ‘मागणी आकार’ असतो. महिन्याभरात एखाद्या पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यात या इमारतीने जास्तीत जास्त किती केव्हीए एकदम ओढले, त्यावर तो ठरतो. महाराष्ट्रातल्या उच्चदाब ग्राहकाच्या बिलात मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचाही हिशेब धरला जातो. म्हणजे एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी शनिवार-रविवारची तापलेली इमारत लवकर गार व्हावी म्हणून सगळे चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे) एकदम चालवले, तर त्या अर्ध्या तासाची छाया पुढच्या दिवाळीपर्यंत बिलावर राहू शकते. करारातल्या मागणीपेक्षा वर गेले तर दंड वेगळा.

हा अर्धा तास आधी दिसला असता, तर पहाटे पाचला एकच चिलर सुरू करून हळूहळू काम उरकता आले असते. भाकिताची किंमत इथे आहे.

वातानुकूलित इमारतीत विजेचा सर्वांत मोठा वाटा गारव्याचा असतो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास. म्हणून मागणीचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः चिलर प्लांटचे व्यवस्थापन. प्लांट सहसा तळघरात नाहीतर गच्चीवर असतो, आणि इमारतीत रोज ये-जा करणाऱ्यांनीही तो क्वचितच पाहिलेला असतो. चिलर पाणी साधारण सात अंशांपर्यंत थंड करतो. पंप ते पाणी मजल्यामजल्यावरच्या एएचयूपर्यंत, म्हणजे हवा गार करणाऱ्या पेट्यांपर्यंत नेतात आणि तिथले पंखे त्यावरून हवा फिरवून ती खोल्यांत सोडतात. खोल्यांतून गोळा झालेली उष्णता दुसऱ्या पाण्यातून कूलिंग टॉवरवर जाते आणि तिथे थोडे पाणी वाफ होऊन ती आकाशात सोडली जाते. या साखळीतली प्रत्येक कडी वीज खाते, आणि एका कडीची वीज वाचवली की बहुतेक वेळा दुसरीची वाढते.

टॉवरचे उदाहरण बघा. टॉवरचे पंखे जोरात फिरवले तर चिलरकडे परतणारे पाणी जास्त गार होते आणि चिलरला कमी वीज लागते. पण पंख्याची वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे कुठेतरी मधे एक बिंदू असतो, जिथे दोघांची बेरीज सर्वांत कमी. हा बिंदू एका जागी राहत नाही. टॉवरमधले पाणी हवेच्या ओल्या फडक्याच्या तापमानापेक्षा (थर्मामीटरला ओले फडके गुंडाळल्यावर तो दाखवतो त्यापेक्षा) खाली जाऊ शकत नाही, पंखा कितीही फिरवा. मुंबईत जुलैमध्ये हवा ओलीचिंब असते. थर्मामीटर तीस दाखवत असला तरी ओल्या फडक्याचे तापमान त्याच्या अगदी जवळ असते, आणि पूर्ण वेगाने फिरणारे पंखे पुष्कळशी वीज वाया घालवत असतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा अडतीसवर असतो, पण हवा कोरडी असल्याने टॉवर मुंबईतल्या पावसाळ्यापेक्षा चांगले काम करतो. नुसत्या थर्मामीटरकडे बघून प्लांट चालवणाऱ्याला हे उलटे वाटेल. त्यातच इमारतीतली गर्दी, ऊन कोणत्या बाजूने येते आणि कोणता चिलर जुना झाला आहे हेही दर तासाला हिशेबात असते. कागदावर समीकरण मांडता येते, पण त्यातले आकडे प्रत्येक इमारतीत निराळे आणि दरवर्षी बदलणारे. इथे नोंदींवरून शिकणारे यंत्र उपयोगी पडते, असे अभियंत्यांना वाटू लागले यात नवल नाही.

गूगलच्या डेटा सेंटरमधले काम या विषयात सर्वांत जास्त सांगितले जाते. जिम गाओ नावाच्या तिथल्या अभियंत्याने २०१४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. डेटा सेंटरच्या दोन वर्षांच्या, दर पाच मिनिटांच्या नोंदी घेऊन त्याने एक न्यूरल नेटवर्क शिकवले होते. संगणकांना लागणाऱ्या विजेच्या तुलनेत एकूण वीज किती लागते, हे ते अर्ध्या टक्क्याहून कमी चुकीने सांगत होते. पुढे डीपमाइंड या गूगलच्याच एआय कंपनीची मंडळी त्याला येऊन मिळाली. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केले की यंत्राच्या सल्ल्याप्रमाणे प्लांट चालवल्यावर गारव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. तोवर यंत्र सुचवत होते आणि माणसे कळ फिरवत होती. २०१८ मध्ये त्यांनी कळच यंत्राच्या हाती दिली. सुरुवातीला १२ टक्क्यांच्या आसपास असलेली बचत काही महिन्यांत, अनुभव वाढत गेला तशी, ३० टक्क्यांच्या घरात गेली.

मला या कहाणीत त्यांनी यंत्राभोवती घातलेले कुंपण बचतीच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचे वाटते. दर पाच मिनिटांनी हजारो सेन्सरांची स्थिती यंत्राकडे जाते. कोणती कृती केली तर पुढे काय होईल याचा अंदाज ते बांधते, आणि ज्या कृतीबद्दल त्याची स्वतःची खात्री कमी आहे ती बाद करते. उरलेली आज्ञा प्लांटवर पोचली की तिथली स्थानिक नियंत्रण यंत्रणा ती पुन्हा सुरक्षेच्या मर्यादांशी ताडून पाहते. आणि ऑपरेटरला वाटेल त्या क्षणी यंत्राला बाजूला करून जुन्या नियमांवर परत जाता येते. या कुंपणापायी थोडी बचत हातची जाते, हे त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते.

कुंपण का लागते, हे समजून घेतले की या विद्येचा गाभा हाती येतो. यंत्र शिकते ते घडलेल्या गोष्टींवरून, आणि इमारतीत घडते ते तिथल्या माणसांच्या सवयीप्रमाणे. समजा, एका प्लांटवर दहा वर्षे थंड पाणी सातच अंशांवर ठेवले आहे. हिवाळ्यात ते दहावर ठेवले तर चिलरची वीज कमी होईल, हे कोणताही जाणकार सांगेल. पण नोंदींत दहा अंशांचा एकही दिवस नाही. यंत्राला विचारले तर ते उत्तर देईल, आणि त्या उत्तरामागे अनुभवाचा एक कणही नसेल.

दुसरा पेच अधिक चकवणारा. उकाडा वाढला की ऑपरेटर सेटपॉइंट, म्हणजे यंत्रणेला ठरवून दिलेले तापमान, खाली आणतो. म्हणून नोंदींत दिसते असे की सेटपॉइंट खाली असतो त्या दिवशी खोल्या जास्त तापलेल्या असतात. कार्यकारण न कळणारे यंत्र यातून काढेल की सेटपॉइंट खाली केल्याने खोल्या तापतात. उद्याच्या मागणीचे नुसते भाकीत करायचे असेल तर ही चूक लपून राहते, कारण उद्याही ऑपरेटर तसाच वागणार असतो आणि भाकीत बरोबर येते. त्याच यंत्राला कळ फिरवायला दिली की मग ती बाहेर पडते. अचूक भाकीत करणारे मॉडेल आणि निर्णय घेण्यालायक मॉडेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाजारात वस्तू विकणारे पुष्कळदा पहिलीचा आकडा दाखवून दुसरी विकतात. विकत घेणाऱ्याने हा फरक धरून बसावा.

यावर उपाय एकच, थोडे थोडे वेगळे करून पाहायचे आणि त्याची नोंद ठेवायची. एक दिवस पाणी साडेसात अंशांवर, दुसऱ्या दिवशी आठवर. पण डेटा सेंटर, रुग्णालय किंवा भरलेले कार्यालय ही प्रयोगशाळा नव्हे. आत माणसे काम करत असतात. म्हणून ‘करून पाहण्याची’ मुभा कुंपणाच्या आतच मिळते, आणि शिकणे सावकाश होते. २०२२ मध्ये डीपमाइंडने ट्रेन या वातानुकूलन कंपनीच्या सोबतीने दोन खऱ्या इमारतींच्या प्लांटवर केलेल्या प्रयोगांचा अहवाल दिला. तिथे बचत निघाली ९ आणि १३ टक्के. चाळिसाची सवय झालेल्या वाचकाला हे आकडे छोटे वाटतील. पण डेटा सेंटरमध्ये भार बऱ्यापैकी स्थिर असतो आणि सेन्सरांची रेलचेल असते. सामान्य इमारतीत सेन्सर मोजके, नोंदी तुटक आणि माणसांची वर्दळ बेभरवशाची असते. अशा ठिकाणी मिळालेले नऊ टक्के मला अधिक आश्वासक वाटतात, कारण जगातल्या बहुतेक इमारती अशाच आहेत.

नोंदी किती तुटक असतात, याचा मोठा पुरावा २०१९ मध्ये समोर आला. ‘ॲश्रे’नेच मकाय यांनी जिंकलेल्या स्पर्धेच्या मालिकेतली तिसरी स्पर्धा, या वेळी इंटरनेटवर, कॅगल या मंचावर भरवली. १,४४८ इमारती, २,३८० मीटर, दोन कोटींहून अधिक नोंदी. चार हजारांवर स्पर्धक उतरले. अव्वल आलेल्यांची यंत्रे बहुतेक एकाच जातीची होती, एकामागोमाग लावलेले निर्णयवृक्ष, प्रत्येक जण आधीच्याची चूक भरून काढणारा. पण खरी कसोटी सफाईत लागली. एका ठिकाणच्या विजेच्या नोंदी युनिटांऐवजी ब्रिटिश उष्णता-एककांत होत्या आणि हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. स्पर्धकांनीच ते ओळखले. काही इमारतींत महिनोन्महिने शून्य. एक मीटर असा की त्याचे अवाढव्य आकडे एकट्याने सगळा निकाल फिरवू शकतील. स्पर्धेनंतर सिंगापूरच्या क्लेटन मिलर आणि सहकाऱ्यांनी चुका तपासल्या. साधारण चार पंचमांश नोंदींची भाकिते पुरेशी चांगली होती. उरलेल्यांपैकी काही कोणत्याही हुशार मॉडेलला सुधारता येण्यासारखी नव्हती, कारण इमारतीत जे बदलले होते त्याचा माग आकड्यांत नव्हताच.

मराठी मुलखातल्या इमारतीचा एक पेच मात्र त्या परदेशी नोंदींत सापडणार नाही. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरपर्यंत गेली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा दादरच्या मोठ्या दुकानाची वीजमागणी तारखेवर चालत नाही, तिथीवर चालते. यंत्राला इंग्रजी महिना आणि वार एवढेच दिले तर सगळी वर्षे त्याच्या दृष्टीने एकमेकांशी विसंगत ठरतील, आणि ते खरेदीच्या गर्दीला ‘आगंतुक घटना’ म्हणून सोडून देईल. पंचांगातला एक रकाना जोडला की गोंधळ निवळतो. पण हा रकाना जोडायला पाहिजे हे ज्याला ठाऊक आहे तो बहुधा डेटा कंपनीत बसलेला नसतो. तो दुकानात किंवा प्लांटवर असतो. वर्षभराच्या नोंदींत दिवाळी एकदाच येते, हेही ध्यानात ठेवायला हवे. यंत्राला सोमवार बावन्न मिळतात, लक्ष्मीपूजन एक.

आता पुन्हा त्या पहाटे पाचच्या चिलरकडे येऊ. भर दुपारी जुन्या देवळाच्या दगडी गाभाऱ्यात जो गारवा लागतो, तो रात्री दगडात उतरलेला असतो. काँक्रीटचे स्लॅब, भिंती, लाकडी सामान, कागदांचे गठ्ठे हेही तसेच वागतात. विजेवर ताण नसताना इमारत थोडी जास्त गार करून ठेवली, तर ताणाच्या तासांत चिलर मंद ठेवता येतो आणि खोली हळूहळू तापते. २००३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा इथल्या एका सरकारी कार्यालयात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी हे करून पाहिले. दुपारी दोन ते पाच या वेळात चिलरची वीज ८० ते १०० टक्के कमी झाली, आणि उकाड्याची तक्रार आली नाही. त्या प्रयोगात मशीन लर्निंग नव्हते, नियम माणसांनी ठरवले होते. पण प्रत्येक इमारत किती तास तग धरते, कोणता मजला आधी तापतो, पश्चिमेच्या काचेच्या खोल्या किती वेळात हात वर करतात, हे नोंदींवरून शिकता येते, आणि हे शिकल्याशिवाय हा नियम शेकडो इमारतींना लावता येणार नाही.

‘तापते’ म्हणजे किती, हा प्रश्न टाळता येत नाही. वातानुकूलनाचे जुने मानक डेन्मार्कच्या पी. ओ. फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या सूत्रावर उभे होते, आणि ते मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातल्या माणसांवरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून आले होते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या गटाने अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या सोळा कार्यालयांत सहा हजारांहून अधिक उत्तरे गोळा केली. त्यांना दिसले की बाहेरचा ऋतू जसा बदलतो तशी भारतीय कर्मचाऱ्यांना सुखकर वाटणारी आतली तापमानेही सरकतात, आणि ती परदेशी सूत्र सांगते त्याहून वर असतात. त्यांचे मॉडेल २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आले. मे महिन्यात आपल्या कार्यालयांतून बावीस अंशांवर शाल घेऊन बसलेल्या बायका दिसतात. तिथे पैसे खर्च करून त्रास विकत घेतलेला असतो. यंत्राला ‘बावीस राखा’ असे सांगितले तर ते इमानेइतबारे बावीस राखेल आणि त्या आत जमेल तेवढी बचत करेल. उद्दिष्ट काय द्यायचे हा निर्णय माणसांचा आहे, आणि बचतीचा मोठा भाग तिथेच दडलेला आहे.

मुंबईत हा विषय इमारतीच्या भिंतींपलीकडे गेला आहे. शहराची मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते आणि बाहेरून वीज आणणाऱ्या तारांना मर्यादा आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला तारा बंद पडल्या आणि लोकल गाड्यांपासून रुग्णालयांपर्यंत सगळ्यांना फटका बसला, ते अनेकांच्या लक्षात असेल. २०२३ मध्ये टाटा पॉवरने ऑटोग्रिड या कंपनीबरोबर एक कार्यक्रम जाहीर केला. ५५ हजार घरगुती आणि ६ हजार मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांनी, सांगितल्या वेळी आपली मागणी कमी करायची. पहिल्या सहा महिन्यांत ७५ मेगावॅट आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत २०० मेगावॅट, असे लक्ष्य होते. शहराच्या मागणीच्या मानाने ७५ मेगावॅट दोन टक्क्यांच्या आतबाहेर. पण वीजजाळ्याला अडचण येते ती वर्षातल्या मोजक्या तासांत, आणि त्या तासांत दोन टक्के पुष्कळ असतात.

इथे भाकिताला आणखी एक काम पडते. ग्राहकाने मागणी कमी केली हे कसे मोजायचे? त्याने काहीच केले नसते तर किती वीज लागली असती, हे ठरवावे लागते, आणि तो आकडा कोणत्याही मीटरवर उमटत नाही. कॅलिफोर्नियात मागच्या दहा कामाच्या दिवसांची सरासरी धरण्याची पद्धत रूढ होती. ती समजायला सोपी, पण उकाडा अचानक वाढलेल्या दिवशी ती ग्राहकावर अन्याय करते. हवामान आणि वार धरून शिकलेले मॉडेल हा न घडलेला दिवस अधिक प्रामाणिकपणे सांगू शकते. मात्र पैसे त्या आकड्यावर ठरणार असतील, तर तो कसा निघाला हे ग्राहकाला उघडून दाखवता आले पाहिजे. बंद पेटीतून आलेल्या आकड्यावर कोणी व्यापारी विश्वास का ठेवावा?

आणि याच सुमारास वेळेचे गणित फिरले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटहून अधिक मागणीच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेप्रमाणे दर लागू करायचे ठरले. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, मागणीच्या कळसाच्या तासांत किमान २० टक्के जास्त. कित्येक वर्षे प्लांटवरची शहाणीव होती की रात्रीची वीज स्वस्त, काम रात्री उरका आणि दुपार सांभाळा. आता माथ्यावर ऊन असते तेव्हा वीज स्वस्त आहे, आणि सूर्य मावळला की महाग. जुन्या दरांखाली चाललेल्या प्लांटच्या नोंदींवर शिकलेले यंत्र पहाटेच्या चिलरकडेच ओढ घेईल, कारण त्याच्या सगळ्या अनुभवात तेच शहाणपण भरले आहे.

कार्यालयांना हा बदल सोपा जाईल. चार-साडेचारपर्यंत स्लॅब गार करून ठेवले की सहा-सातला माणसे घरी जाईपर्यंत चिलर मंद ठेवता येतो. मॉलचे काम अवघड आहे. तिथे गर्दी नेमकी संध्याकाळी सहा ते दहा या वेळात, दर महाग असताना येते, आणि दरवाजे सतत उघडतात. दुपारी साठवलेला गारवा तिथे दीड तास पुरतो की अडीच, गणपतीच्या आदल्या शनिवारी किती पुरतो, हे त्या मॉलच्या नोंदींतून आणि त्याच्या ऑपरेटरच्या सोबतीनेच शोधावे लागेल. या शोधाची सुरुवात करायला दर पंधरा मिनिटांची नोंद देणारा मीटर, दुरुस्त असलेले डझनभर सेन्सर आणि पाणी साताऐवजी साडेसात अंशांवर ठेवून बघण्याची परवानगी एवढे पुरते. त्यातली परवानगी मिळवणे सर्वांत कठीण जाते, असे प्लांटवरची माणसे सांगतात.